ब्रह्मपुरीचा पोसायडन

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातील कांस्यवस्तूंमध्ये पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची एक छोटी मूर्ती आहे. ती रोमन साम्राज्यात घडली आणि पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडात सापडली. उंची वीतभरही नाही, पण दख्खनमध्ये मिळालेल्या रोमन वस्तूंत तिचे स्थान पहिल्या रांगेतले आहे. रोमन व्यापाराच्या खुणा भारतात ठिकठिकाणी मिळतात: कुठे नाणी, कुठे मद्यकुंभांची खापरे, कुठे काचेचे मणी. भूमध्य समुद्राकाठी ओतलेली देवाची मूर्ती मात्र क्वचितच हाती लागते. त्यातून ही सापडली ती बंदरात नव्हे, तर सह्याद्रीचा घाट चढून आल्यावर लागणाऱ्या गावात. ती कशी घडली, कोणत्या वाटेने आली आणि कोणी घेतली, या तीन प्रश्नांभोवती तिचा अभ्यास फिरतो.

शोध

ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेच्या उजव्या काठावरचे जुने कोल्हापूर. या परिसरात प्राचीन वस्ती होती हे एकोणिसाव्या शतकातच कळले होते. तिथल्या एका स्तूपाच्या अवशेषांत ब्राह्मी लेख कोरलेला दगडी करंडक मिळाला होता. सातवाहनकालीन नाणीही कोल्हापुरात अधूनमधून हाती लागत. परंतु टेकाडाच्या पोटात काय आहे हे कळायला 1944 साल उजाडावे लागले.

त्या वर्षी प्रा. के. जी. कुंदणगार यांच्या पुढाकाराने झालेल्या कामात कांस्याच्या वस्तूंचा एक मोठा साठा मिळाला. कुंदणगार राजाराम कॉलेजात कन्नड शिकवत. उत्तर कर्नाटक आणि कोल्हापूर संस्थानातील शिलालेखांवरचा त्यांचा ग्रंथ 1939 मध्ये प्रसिद्ध झाला होता. मराठी संस्थानातला हा कन्नड प्राध्यापक दोन्ही भाषांच्या मुलखातले लेख वाचत हिंडला, आणि अभ्यासकांनी पुढे त्या साठ्याला ‘कुंदणगार साठा’ हेच नाव दिले. पोसायडन याच साठ्यातला.

पाठोपाठ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1945-46 च्या हंगामात तिथे रीतसर उत्खनन केले. हसमुख धीरजलाल सांकळिया आणि मोरेश्वर गंगाधर दीक्षित या दोघांनी ते चालवले. त्यांचा अहवाल 1952 साली छापून आला. टेकाडात मुख्यतः दोन काळांची वस्ती दिसली. वरच्या थरांत बहामनी काळाची, खालच्या थरांत सातवाहन काळाची. खालच्या वस्तीत भाजक्या विटांची घरे, मणी, मातीची भांडी आणि शिशाची नाणी मिळाली. साठा कोणत्या काळातल्या गावाचा, हे या थरांमुळे ठरवता आले. नुसती मूर्ती हाती आली असती, तर ती इथे केव्हा पोचली हे सांगायला काहीच आधार उरला नसता. एखाद्या संस्थानिकाने युरोपातून आणली असेल, असेही कोणी म्हटले असते.

साठ्यातील धातुवस्तूंचा स्वतंत्र अभ्यास कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांनी 1960 मध्ये प्रसिद्ध केला. पुढे अमेरिकन अभ्यासक रिचर्ड डी प्यूमा यांनी त्यातल्या रोमन वस्तू निवडून इटलीतील वस्तूंशी ताडून पाहिल्या. त्यांचा लेख 1991 मध्ये आला.

देव आणि त्याचे रूप

पोसायडन हा ग्रीकांचा समुद्राचा, भूकंपांचा आणि घोड्यांचा देव. रोमन लोकांनी त्याची सांगड आपल्या नेपच्यूनशी घातली. नेपच्यूनचा सण 23 जुलैला, भर उन्हाळ्यात, पाण्याची टंचाई असताना येई. त्याचे आयुध त्रिशूळ, आणि त्याच्या मूर्तींत पुष्कळदा डॉल्फिन दिसतो.

ब्रह्मपुरीचा पोसायडन उभा, दाढीधारी आणि विवस्त्र आहे. केसांचे आणि दाढीचे कुरळे झुपके उठावदार आहेत. शरीराचा भार एका पायावर, दुसरा पाय सैल, त्यामुळे कंबर किंचित एका बाजूला झुकते आणि खांदे तिरपे होतात. उचललेल्या हातात एकेकाळी त्रिशूळ होता. तो वेगळा घडवून मुठीत बसवलेला असल्याने केव्हातरी गळून गेला. छाती आणि पोटाचे स्नायू नेमके दाखवले आहेत. भारतात त्या काळी घडणाऱ्या यक्षमूर्तींचे भरदार, गोलसर अंग आणि या मूर्तीचे कसलेले अंग यांत फरक एवढा स्पष्ट आहे की तिचे परकेपण ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

उभे राहण्याची ही ढब रोमन कारागिराने स्वतः शोधलेली नव्हती. इ.स.पूर्व चौथ्या शतकात लायसिपॉस नावाचा शिल्पकार होऊन गेला. तो अलेक्झांडरच्या पदरी होता. सडपातळ देह, लहान डोके आणि मोकळी हालचाल ही त्याच्या मूर्तींची लक्षणे. त्याच्या आणि त्याच्या परंपरेतल्या मोठ्या पुतळ्यांच्या लहान प्रती रोमन काळात मोठ्या संख्येने निघत. ब्रह्मपुरीच्या मूर्तीचे नाते अभ्यासक याच परंपरेशी जोडतात. म्हणजे मूळ कल्पना ग्रीक, प्रत रोमन काळातली, इ.स. पहिल्या शतकाच्या सुमाराची, आणि शेवटचा मुक्काम पंचगंगेकाठी.

धातू आणि साचा

कांस्य म्हणजे तांब्यात कथील मिसळून केलेला मिश्रधातू. रोमन ओतारी त्यात पुष्कळदा शिसेही घालत. शुद्ध तांबे 1085 अंश सेल्सियसला वितळते. दहा टक्क्यांच्या आसपास कथील पडले की रस हजार अंशांच्या जवळपास पातळ होतो आणि थंड झाल्यावर तांब्यापेक्षा कठीण बनतो. शिशाने रस आणखी वाहता होतो. लहान मूर्तीत हे फार कामाचे. बोटे, नाक, दाढीची टोके हे भाग बारीक असतात. रस तिथवर पोचण्याआधीच गोठला तर मूर्ती खोडकी निघते.

अशा मूर्ती मेण गाळून ओतत. आधी मेणाची मूर्ती करायची. तिला मेणाच्याच काड्या जोडायच्या, काही रस आत जाण्यासाठी, काही हवा बाहेर पडण्यासाठी. मग वस्त्रगाळ मातीचा पातळ लेप कुंचल्याने द्यायचा. या पहिल्या लेपावर सगळे अवलंबून असते, कारण केसाएवढी रेघसुद्धा तोच टिपतो. तो सुकल्यावर त्यावर भरड मातीचे जाड थर चढवायचे आणि साचा आगीत भाजायचा. मेण वितळून बाहेर पडते, माती पक्की होते आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. साचा गरम असतानाच रस ओततात. थंड झाल्यावर माती फोडायची, काड्यांच्या जागी गोठलेला धातू छाटायचा, कानशीने घासायचे आणि छिन्नीने केस, डोळे, दाढी उठवायची. मोठे पुतळे आत मातीचा गाभा ठेवून पोकळ ओततात. इतक्या लहान मूर्ती सहसा भरीवच ओतत.

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागात फाउंड्रीत काम करणाऱ्याला यातली कोणतीही पायरी समजावून सांगावी लागणार नाही. तिथले बहुतेक ओतकाम वाळूच्या साच्यात होते. पण मेणाचा पॅटर्न गाळून साचा करण्याची पद्धत इन्व्हेस्टमेंट कास्टिंग या नावाने आजच्या उद्योगातही रूढ आहे. मेणाच्या काड्यांना आज रनर आणि व्हेंट म्हणतात, मातीच्या लेपाऐवजी सिरॅमिकची स्लरी असते, छाटण्या-घासण्याला फेटलिंग म्हणतात. दोषही तेच राहिले आहेत. हवा कोंडली तर ब्लो होल, रस अर्ध्या वाटेत गोठला तर मिसरन. रोमन ओताऱ्याकडे तापमापक नव्हता. तो रसाच्या रंगावरून आणि मुशीतल्या हालचालीवरून वेळ ओळखत असे.

हे तंत्र एकट्या रोमचे नव्हते. भारतात ते हडप्पा काळापासून अवगत होते. मोहेंजोदडोची प्रसिद्ध कांस्य नर्तकी त्याच रीतीने ओतलेली आहे. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाची मूर्ती, मातीचे लेप, साचा तापवणे आणि रस ओतणे यांची कृती क्रमवार दिली आहे. किती वजनाच्या मेणाला किती धातू घ्यावा याचे प्रमाणही तिथे आहे: रुपे मेणाच्या बारापट, सोने सोळापट. त्यामुळे ब्रह्मपुरीची मूर्ती केवळ ओतकामाच्या तंत्रावरून परदेशी ठरत नाही. तिचे मूळ शोधायचे तर तिची घडण, अंगाचे प्रमाण आणि देवाचे रूप पाहावे लागते.

साठ्यातील शेजारी

पोसायडन एकटा सापडला नाही. त्याच्यासोबत रोमन बनावटीचा कांस्याचा आरसा, मद्याचे सुबक मुठीचे कुंभ आणि पर्सियस-अँड्रोमिडा या ग्रीक कथेतल्या जोडीचे चित्र उठवलेले एक पदक मिळाले. कुंभांसारखी भांडी इटलीच्या कंपानिया भागातील कारखान्यांत तयार होत. व्हेसुव्हियसच्या पायथ्याची पाँपेई नगरी याच भागातली. इ.स. 79 मध्ये ती ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेली, म्हणून तिथल्या घरांतली भांडी काळासकट हाती आली. कोल्हापूरच्या भांड्यांचा काळ ठरवताना ती मोठा आधार ठरली.

तरी साठ्यातल्या बहुसंख्य वस्तू देशीच आहेत: घरगुती भांडी, दिवे, लहान मूर्ती. पाठीवर स्वार घेतलेला कांस्याचा छोटा हत्ती त्यांत विशेष गाजला. सातवाहन काळातील धातुकामाचा तो उत्तम नमुना मानला जातो. हत्तीची चाल आणि दाटीने बसलेले स्वार यांच्यात कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांतील शिल्पांची आठवण देणारा जिवंतपणा आहे. देशी हत्ती आणि परदेशी देव एकाच साठ्यात मिळाले, यावरून दोन गोष्टी समजतात. घेणारा ऐपतीचा होता, आणि गावात चांगले धातुकाम ओळखणारी नजर होती.

भूमध्य समुद्रापासून पंचगंगेपर्यंत

इ.स.पूर्व 30 मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात गेले आणि तांबड्या समुद्रावरची बंदरे रोमन व्यापाऱ्यांना खुली झाली. स्ट्रॅबो या भूगोलकाराने मायोस हॉर्मोस बंदरातून वर्षाला 120 जहाजे भारताकडे निघतात असे नोंदवले आहे. जहाजे जुलैच्या सुमारास इजिप्त सोडत, नैर्ऋत्य मोसमी वारा पाठीशी घेऊन अरबी समुद्र ओलांडत, आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुरू झाला की परतत.

पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ हे पुस्तक या मार्गाची माहितीवही आहे. त्यात बॅरिगाझा म्हणजे भडोच, कॅलिएना म्हणजे कल्याण आणि सिमिला म्हणजे चौल यांचे उल्लेख आहेत. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर म्हणजे तेर, असे अंतरही दिले आहे. भडोचला उतरणाऱ्या मालात इटलीचे मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळी आणि काच यांचा समावेश होता. राजासाठी म्हणून मौल्यवान चांदीची भांडी, गाणारे गुलाम आणि उंची मद्य वेगळे येई. उलट दिशेने हस्तिदंत, अकीक, सुती कापड, रेशीम आणि पिंपळी जाई.

या व्यापाराचा आकडा रोमन लेखक प्लिनीने दिला आहे: भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून घेतो. आकड्यात तक्रारीचा सूर आहे, पण उलाढाल मोठी होती याला दुसरा पुरावाही आहे. व्हिएन्नात असलेल्या दुसऱ्या शतकातील एका पपायरसवर ‘हर्मापोलॉन’ नावाच्या जहाजातील, भारताच्या मुझिरिस बंदरातून आलेल्या मालाचा हिशेब आहे. एका खेपेची किंमत काही दशलक्ष सेस्टर्स भरते, आणि त्यावर सरकारची जकात चौथाई होती.

कोल्हापूरला हा माल दोन वाटांनी येऊ शकत होता. एक उत्तरेकडून, भडोच किंवा कल्याणला उतरून पैठण-तेरच्या व्यापारी जाळ्यातून. दुसरी थेट पश्चिमेकडून. कोकणच्या खाड्यांतून वर यायचे आणि फोंडा, आंबा, अणुस्कुरा यांसारख्या घाटांनी पठार गाठायचे. पेरिप्लसमध्ये चौलच्या दक्षिणेची अनेक लहान बंदरे नावानिशी दिली आहेत. पेरिप्लसच्या काळात कल्याणचे दळणवळण अडवले गेले होते आणि तिथे आलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेले जाई. अशा वेळी दक्षिण कोकणातील खाड्या आणि त्यांच्यावरचे घाट यांचे महत्त्व आपोआप वाढले असेल.

गिऱ्हाईक कोण?

सातवाहन काळात कोल्हापूर भागावर ‘कुर’ नावाच्या राजांचा अंमल होता. त्यांची शिशाची नाणी याच भागात मिळाली आहेत. एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला टेकडी आणि झाड. वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर आणि गोतमीपुत विळिवायकुर अशी तीन नावे त्यांवर आहेत. एका राजाच्या नाण्यावर पुढच्या राजाने आपला ठसा उमटवलेले नमुने सापडल्यामुळे तिघांचा क्रमही लागला.

इ.स. 150 च्या सुमारास टॉलेमीने आपल्या भूगोलात ‘बॅलिओकुरोस’ या राजाची राजधानी हिप्पोकुरा येथे असल्याचे लिहिले. हा बॅलिओकुरोस म्हणजे नाण्यांवरचा विळिवायकुर असे बहुतेक अभ्यासक मानतात. हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूर असेही काहींनी सुचवले, पण त्यावर एकमत झालेले नाही. एवढे मात्र पक्के की इजिप्तच्या अलेक्झांड्रियात बसून जगाचा नकाशा मांडणाऱ्याला दख्खनच्या या राजाचे नाव ठाऊक होते. ज्या मुलखाच्या राजाचे नाव तिथे पोचले, त्या मुलखात तिथली मूर्ती पोचणे नवलाचे नाही.

मूर्ती कशासाठी आली?

रोमन घरांत देवांसाठी छोटा देव्हारा असे आणि त्यात वीतभर उंचीच्या कांस्यमूर्ती ठेवत. प्रवासी, सैनिक, खलाशी त्या बरोबरही नेत. पोसायडनची मूर्ती अशा एखाद्या खलाशाची किंवा व्यापाऱ्याची असू शकेल. पश्चिम किनाऱ्यालगतच्या प्रदेशात यवनांची, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या ग्रीक वळणाच्या परदेशीयांची, वस्ती होती, हे कार्ल्याच्या लेण्यातील धेनुकाकटच्या यवन दात्यांच्या लेखांवरून दिसते. मात्र हे यवन बौद्ध लेण्यांना खांब दान करणारे होते. म्हणजे ते इथल्या धर्मजीवनात मिसळले होते.

दुसरी शक्यता अशी की मूर्ती पूजेसाठी नव्हे, शोभेची वस्तू म्हणून आली. आरसा, मद्यकुंभ आणि पदक यांच्या संगतीत ती सापडली, हे या शक्यतेला बळ देते. हा संच देव्हाऱ्याचा वाटत नाही. तो श्रीमंत घरातल्या उंची सामानाचा वाटतो. तिसरी शक्यता मोडीची. कांस्याला वितळवून पुन्हा ओतता येते, आणि भारतात येणाऱ्या मालाच्या यादीत तांबे-कथील होतेच. मोडीतल्या वस्तू बहुधा तोडलेल्या, ठोकून चपट्या केलेल्या असतात. ब्रह्मपुरीची मूर्ती तशी नाही, म्हणून ही शक्यता तिन्हींत दुबळी. कोल्हापूरच्या घरमालकाला हा देव समुद्राचा आहे हे ठाऊक होते की नाही, हे कोणत्याही वस्तूवरून सिद्ध होत नाही. त्रिशूळधारी दाढीवाला पुरुष त्याला ओळखीचा वाटला असेल, एवढेच म्हणता येते.

इतर ठिकाणचे पुरावे

भूमध्य जगातील कांस्यमूर्ती आणि कांस्यवस्तू भारतीय उपखंडात आणखी काही ठिकाणी मिळाल्या आहेत. तक्षशिलेच्या सिरकपमध्ये हार्पोक्रेटिस हा इजिप्तचा बालदेव, अफगाणिस्तानातील बेग्राममध्ये हार्पोक्रेटिस आणि सेरापिसच्या मूर्ती, बडोद्याजवळील अकोट्याला इरॉसची आकृती असलेली मूठ. यातले तक्षशिला आणि बेग्राम खुश्कीच्या मार्गावरचे, तर कोल्हापूर समुद्री मार्गाच्या प्रभावक्षेत्रातले.

वस्तूंची ये-जा दोन्ही दिशांनी होती. पाँपेईच्या एका घरात 1938 साली हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्यासारख्या मूर्ती मराठवाड्यात तेर आणि भोकरदन येथे सापडल्याने तिचे माहेर दख्खन असल्याचे मत बळावले. ओमानमधील खोर रोरी बंदरात भारतीय कांस्य स्त्रीमूर्तीचा तुकडा निघाला. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात एका भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी तशीच राहिली होती.

बेळगावजवळचा पुरावाही याच काळाचा आहे. उद्यमबागेपासून फार लांब नसलेल्या वडगाव-माधवपूर येथे कर्नाटक विद्यापीठाने 1970 च्या दशकात उत्खनन केले आणि सातवाहनकालीन नगर उजेडात आले. म्हणजे ब्रह्मपुरी ही एकाकी वसाहत नव्हती. पंचगंगेपासून मलप्रभेच्या उगमाकडच्या मुलखापर्यंत घाटमाथ्याला धरून नांदत्या गावांची एक ओळ होती, आणि घाटांखालून येणारा माल या गावांत खपत होता.

मूर्तीवरून काय सिद्ध होते

रोमन व्यापाराच्या पुराव्यांत चुका होऊ शकतात. दख्खनमध्ये पूर्वी रोमन म्हणून नोंदलेली पुष्कळ खापरे पुढे मेसोपोटेमियातील ‘टॉर्पेडो’ रांजणांची निघाली. रोमन नाण्यांच्या मातीतल्या नकला तर इथेच बनत आणि दागिना म्हणून वापरल्या जात. त्यांच्या मानाने कांस्यमूर्तीची साक्ष भक्कम आहे, कारण तिच्या घडणीत कारखान्याची परंपरा दिसते.

तरी तिच्याकडून मोजकेच वदवून घेता येते. ती पहिल्या शतकाच्या सुमारास भूमध्य जगात घडली आणि सातवाहन काळात कोल्हापुरात होती, हे निश्चित. ती इतर रोमन वस्तूंसह ऐपतदार घरात पोचली, हे जवळपास निश्चित. ती कोकणातल्या खाडीतून आली की पैठणकडून, हे अनुमान. ती रोमन माणसाने स्वतः आणली की हातोहात आली, हे मूर्तीवरून कळत नाही. व्यापारात वस्तू चार हात फिरून पोचतात. पहिला विकणारा आणि शेवटचा घेणारा यांची गाठ पडलीच पाहिजे असे नाही.

ब्रह्मपुरीच्या वस्तूंसाठी 1946 मध्ये कोल्हापूर संग्रहालय सुरू झाले. 1949 मध्ये ते भाऊसिंगजी रोडवरच्या टाउन हॉलमध्ये हलवण्यात आले. 1872 ते 1876 या काळात बांधलेली ही गॉथिक वळणाची इमारत चार्ल्स मांट या वास्तुविशारदाची. दमट हवेत जुन्या कांस्याला मोठा धोका असतो तो क्लोराइडचा. त्याने धातूवर फिकट हिरवी भुकटी येते, ती पसरत जाते आणि बारीक नक्षी खाऊन टाकते. म्हणून अशा मूर्ती कोरड्या, एकसारख्या तापमानात ठेवाव्या लागतात आणि उघड्या हाताने हाताळायच्या नसतात. बेळगावहून निपाणीमार्गे कोल्हापूरला जाणाऱ्या वाचकाला दख्खन-रोम व्यापाराचा हा पुरावा काही तासांच्या वाटेवर पाहता येतो.